शहरातला मुक्काम, पण नेहमीच्या लॉजपेक्षा वेगळा : आपले अनुभव सांगा

आपल्या विदर्भातला माणूस शहरात जातो तो बहुधा कामापुरता. नागपूरला मेडिकलमध्ये भरती असलेल्या आप्ताजवळ, पुण्याला मुलाच्या प्रवेशासाठी, मुंबईला एखाद्या मुलाखतीसाठी. मुक्काम नातेवाइकांकडे आणि तेही नसतील तर एसटी स्टँडजवळच्या लॉजवर. खोली म्हणजे पाठ टेकण्याची जागा, याहून जास्त अपेक्षा आपण ठेवत नाही. अलीकडे मात्र आपल्यातले बरेच जण जुन्या हवेलीत, तळ्यावरच्या नावेत किंवा रेल्वे स्थानकातल्या कप्प्यात राहून आले आहेत, हे लग्नकार्यांतल्या गप्पांत कानावर येते. ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढे जाणाऱ्याला उपयोग होईल, म्हणून हा धागा.

‘बुटीक हॉटेल’ हा शब्द १९८० च्या दशकात रूढ झाला. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ‘मॉर्गन्स’ हे हॉटेल उघडले, तेव्हा मोठी हॉटेले सगळे काही ठेवणाऱ्या भल्यामोठ्या दुकानासारखी असतील तर आपले हॉटेल निवडक माल ठेवणाऱ्या छोट्या दुकानासारखे आहे, अशी तुलना रुबेल यांनी केली होती. खोल्या थोड्या आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा चेहरा, एवढे त्यातून घ्यावे. आपल्याकडे अशी बरीच हॉटेले जुन्या वास्तूंत आहेत; १९५० पूर्वी बांधलेल्या वाड्या-हवेल्यांना पर्यटन मंत्रालयाकडून ‘हेरिटेज हॉटेल’ असा दर्जाही मिळू शकतो.

लिहिताना जिने, पाणी, जेवण, उजेड आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची सोय यांबद्दल अवश्य लिहावे. तक्रार असेल तर हॉटेलचे नाव घेऊ नये. सुरुवात मीच करतो.

अहमदाबाद : पोळमधली हवेली (धागाकर्ता, संत्रा बागायतदार, मोर्शी तालुका)

बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी आम्ही उभयता बडनेऱ्याहून हावडा–अहमदाबाद एक्सप्रेसने गेलो होतो. कार्य आटोपल्यावर दोन रात्री जुन्या शहरात काढाव्यात, असा आग्रह सौभाग्यवतींचा. हे शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि असा मान मिळालेले ते भारतातले पहिले शहर, हे तिने कुठेतरी वाचून ठेवले होते.

पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेला मोहल्ला. आमचा ऑटो त्या दरवाजापाशीच थांबला, कारण पुढची गल्ली दोन माणसे शेजारून जातील एवढीच. हवेलीतला मुलगा बॅगा घ्यायला आला आणि आम्ही ओट्यांवर बसलेल्या बायांच्या नजरेखालून, अगदी गावात पाहुणे येतात तसे, चालत आत गेलो. वाटेत पाखरांसाठी उभारलेला लाकडी चबुतरा लागला. रोज सकाळी कोणीतरी वर दाणे टाकते आणि ही वहिवाट अजून मोडलेली नाही.

हवेलीच्या मधोमध चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठवायचे टाके. छपरावरचे पाणी नळीवाटे खाली उतरते, पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ देतात आणि नंतरचे टाक्यात घेतात. त्यात ऊन शिरत नसल्यामुळे ते वर्षभर टिकते, असे मालकांनी झाकण उघडून दाखवून सांगितले. मी बराच वेळ तिथे वाकून पाहत राहिलो. आमच्या तालुक्यात बोअर हजार फुटांवर जाऊनही कोरडे निघतात आणि संत्र्याची झाडे वाळताना पाहावी लागतात. अशा माणसाला भर शहरातल्या घराच्या पोटात पाणी दिसले की दुसरे काही सुचत नाही.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जिना इतका उभा की वर चढताना धरायला छतापासून जाड दोर सोडलेला होता. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना ते अवघड गेले आणि मालकांनी न सांगताच दुसऱ्या दिवशी तळमजल्याची खोली रिकामी करून दिली. ही विचारपूस आधी फोनवरच करायला हवी होती, ती आमची चूक. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघणाऱ्या पायी फेरीला आम्ही गेलो; महानगरपालिका ही फेरी १९९७ पासून चालवते. फेरी संपल्यावर ज्या गल्ल्या पाहिल्या त्यांच्यातच आपण झोपायला परत जातो, याचा आनंद मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात मिळाला नसता.

मुंबई : स्थानकातला कप्पा (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, गडचिरोली जिल्हा)

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी गोंदियाहून येणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने एकटीच मुंबईत उतरले. ओळखीचे घर बदलापूरला आणि मुलाखत दक्षिण मुंबईत सकाळी दहाला, त्यामुळे मुंबई सेंट्रल स्थानकातल्या पॉड हॉटेलात राहायचे ठरवले. ते २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले असून त्यात ४८ कप्पे आहेत आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मी राहिले तेव्हा बारा तासांचे भाडे हजार रुपयांच्या आत होते.

ही कल्पना मुळात जपानची. किशो कुरोकावा या वास्तुरचनाकाराने आखलेले पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात उघडले. रात्री उशीर होऊन घरी परतणे शक्य नसलेल्या नोकरदारांची त्याने सोय झाली. कप्पा म्हणजे रेल्वेच्या बर्थपेक्षा रुंद, बसता येईल एवढा उंच, आत दिवा, आरसा, मोबाइल चार्ज करायची सोय आणि हवेचा झोत. सामानासाठी वेगळे कुलूपबंद कपाट असते. स्नानगृह सामाईक, पण मला ते आमच्या वसतिगृहापेक्षा पुष्कळ स्वच्छ वाटले.

ज्या मुलींना माझ्यासारखे एकटीने जावे लागेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिते. सकाळी लागणारे कपडे आणि कागदपत्रांची फाइल रात्रीच वेगळी काढून उशाशी ठेवावी, कारण पहाटे बॅगेची चेन उघडल्याचा आवाजही शेजारच्या चार कप्प्यांत जातो. दुसरे म्हणजे कानात घालायला कापूस न्यावा. रात्री बाबांचा फोन आला आणि “बेटा, दार आतून लागते का?” एवढेच त्यांनी तीनदा विचारले. मी व्हिडिओ कॉलवर कडी लावून दाखवली, तेव्हा कुठे ते झोपले. मुलाखतीला मी पायी फिरायला निघाल्यासारखी ताजी गेले. लोकलच्या गर्दीतून आले असते तर तसे झाले नसते.

काचेची भिंत (औषध दुकानदार, दर्यापूर)

माझा अनुभव चांगला नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. वडिलांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी एका मोठ्या शहरात नेले होते आणि आईवडील, मी व पत्नी अशा चौघांसाठी छायाचित्रे पाहून एका देखण्या हॉटेलातली मोठी खोली घेतली. खोलीत शिरल्यावर लक्षात आले की स्नानगृह आणि शय्या यांच्यामध्ये छतापर्यंत नुसती काच आहे. पडदा मागितला तर रचनाच तशी असल्याचे उत्तर मिळाले. आईने दोन दिवस स्नानगृह वापरण्याआधी आम्हा सर्वांना खोलीबाहेर काढले. पत्नीने शेवटी पलंगावरची चादर काचेवर बांधली. दिवे मंद पिवळे, त्यामुळे थेंबाच्या दोन बाटल्यांवरची नावे मला मोबाइलच्या उजेडात वाचावी लागत. पलंग जमिनीपासून वीतभर उंच. वडिलांना प्रत्येक वेळी हात देऊन उठवावे लागे. गाडी पहाटे पोहोचली होती आणि खोली दुपारी दोनला मिळाली, तो वेळ वडिलांनी स्वागतकक्षातल्या पाठ नसलेल्या स्टुलावर काढला.

मांडणी सुंदर होती हे मी नाकारत नाही. पण ती करणाऱ्याने सासरा आणि सून एका खोलीत राहतील, असा विचारच केलेला नव्हता. आरक्षणापूर्वी फोन करून काचेबद्दल, पलंगाच्या उंचीबद्दल आणि लवकर प्रवेशाबद्दल विचारावे, अशी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

धागाकर्ता : वरच्या विनंतीत एक भर घालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. सांगितलेले भाडे करासहित आहे की कराशिवाय, हे त्याच फोनमध्ये विचारून घ्यावे.

श्रीनगर : दल सरोवरावर चार रात्री (निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा)

आम्ही सात निवृत्त शिक्षक सपत्नीक गेलो होतो. हाउसबोट हलत असेल आणि रात्री भोवळ येईल, अशी बायकांना धास्ती होती. प्रत्यक्षात ती नाव एका जागी बांधलेली असते आणि शेजारून शिकारा गेला तरच किंचित डुलते. सारे काम देवदाराचे. त्याला पाणी लवकर बाधत नाही. छताला खतमबंद म्हणतात, म्हणजे लाकडाचे छोटे भौमितिक तुकडे खिळ्यांशिवाय एकमेकांत गुंतवून बसवलेले असतात. आमच्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी एक अख्खी दुपार गालिच्यावर उताणे पडून त्या षटकोनांची मोजदाद केली.

डोगरा राजवटीत बाहेरच्यांना काश्मीरमध्ये जमीन घेता येत नव्हती, म्हणून इंग्रजांनी पाण्यावर घरे करून घेतली, असे तिथे सांगतात. नावेच्या मालकांचे कुटुंब मागच्या छोट्या नावेत राहते. त्यांनी आमच्यासाठी कांदा-लसूण वगळून ‘हाक’ ही तिथली पालेभाजी व राजमा केला आणि आम्ही घरून नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी सौभाग्यवतींनी त्यांच्या चुलीवर थापल्या. मालकांच्या आईने ती भाकरी कहव्यात बुडवून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली.

गैरसोयीही लिहितो. काठावर जायचे म्हणजे प्रत्येक वेळी शिकारा लागतो, तो भाड्यात धरला आहे का ते आधी ठरवून घ्यावे. शाली, केशर आणि अक्रोडी डबे विकणारे थेट सज्जाला येऊन भिडतात. सरोवर काठाकाठाने शेवाळले आहे, आणि त्यात आपल्या मुक्कामाचाही वाटा आहे हे मनाला लागते. सांडपाण्याची सोय काय आहे, हा प्रश्न आम्ही विचारला आणि प्रत्येकाने विचारावा.

दादर (शेतकरी, अंजनगाव सुर्जी तालुका)

माझे लिहिणे इथे बसते की नाही, ठाऊक नाही. आईच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी परळला टाटा रुग्णालयात जावे लागे, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही राहिलो. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावचा. शेकडो कोसांवरच्या त्या शहरात भिंतीवर आपल्या गावच्या माणसाची तसबीर पाहून आई पहिल्या दिवशी रडली. शेजारी आसामचे, बिहारचे, कोकणचे रुग्ण. कोणाची रक्ततपासणी कधी आहे हे सगळ्यांना पाठ. हवेलीत किंवा नावेत मी राहिलो नाही, पण मला आयुष्यभर आठवेल असा शहरातला मुक्काम हाच.

सिंगापूर (गृहिणी, वणी)

मुलीकडे गेले असताना तिची खोली लहान म्हणून मी आठवडाभर जवळच्या जुन्या दुकानघरातल्या हॉटेलात होते. खाली दुकान, वर घर, अशी ही अरुंद आणि खोल घरे. समोर सलग पाच फुटी पडवी, जी १८२२ च्या रॅफल्स यांच्या नगर आराखड्यापासून बंधनकारक होती. पावसातही पडवीतून कोरडे चालता येते. मात्र माझ्या खोलीला खिडकीच नव्हती. अशा घरांत मधल्या खोल्यांना ती नसणे नेहमीचे आहे, हे मागाहून कळले. अंगणात झोपून वाढलेल्या बाईला दिवस उजाडलेला न दिसणे फार जड जाते. खिडकी आहे का, हे जरूर विचारा.

पुणे : ओळखीचे खांब (सुतार, चंद्रपूर जिल्हा)

मी पाहुणा म्हणून नव्हे, तर कामासाठी गेलो होतो. काम संपेपर्यंत हॉटेलवाल्यांनी आम्हा दोघा कारागिरांना वरची एक खोली दिली. एका जुन्या बंगल्याचे अकरा खोल्यांचे हॉटेल झाले होते. स्वागतकक्षात सागवानाचे चार सुरूदार खांब उभे होते. खालच्या अंगाला केळफुलाची कोरणी. आपल्या भागातले पडके वाडे मोडून त्यांचे खांब, तुळया आणि दारे ट्रकने शहरांकडे जातात, हे मी वीस वर्षे पाहतो आहे आणि काही वाडे मी स्वतःही मोडले आहेत. चंद्रपूरचे सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनापर्यंत आणि अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेले याचा अभिमान वाटतो. वाड्याचा खांब उपटताना मात्र तसे वाटत नाही.

रात्री जेवणानंतर मी त्या खांबांवरून हात फिरवला. वरून तेलपाणी चांगले होते, पण बुडाशी लाकूड काळे पडायला लागले होते. वाड्यात खांब कधीही जमिनीवर उभा करत नाहीत, त्याच्याखाली घडीव दगडाचा तळखडा असतो, म्हणजे ओल लाकडात चढत नाही. इथे वाडा मोडणाऱ्याने खांब आणले आणि दगड तिथेच टाकून दिले. रोज दोनदा फरशी पुसली जाई आणि ते पाणी खांब शोषून घेत होते. व्यवस्थापक मॅडमना मी सकाळी सुरीचे टोक लावून दाखवले. त्यांनी त्याच दिवशी त्या भागात ओले पोछे थांबवले आणि असे दगड कुठे मिळतील, असे विचारले.

दोन आमच्या अंगणातच होते. एकावर आई कपडे धूत असे. बाकीचे दोन शेजारच्या गावात, पडलेल्या वाड्याच्या मातीत सापडले. पुढच्या खेपेस ते चारही ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला नेले आणि खांब टेकूवर उचलून एकेक करून खाली बसवले.