मदत हवी आहे: स्पितीत काय काय बघावं? तातडीने सांगा

दादरची_मृ: चंद्रताल तळं, की मठ, हिक्कीम गाव, ताबो एवढं ७ दिवसांत होईल ना? गाडीवाला म्हणतो मनालीकडून चढू. आजच आगाऊ रक्कम द्यायची आहे.

घाटवाट: महिना? ७ दिवस मुंबईपासून की चंदीगडपासून? सोबत कोण?

दादरची_मृ: जूनचा पहिला आठवडा, चंदीगड ते चंदीगड. मुलाची शाळा मध्यावर सुरू होते, तारीख हलणार नाही. आई, वय ६४.

रानपाखरू: पोस्टपेड सिम घ्या, प्रीपेड चालत नाही. पँगाँगचा परवानाही काढा.

घाटवाट: ते लडाखचं. स्पिती हिमाचलात आहे. बाहेरचं प्रीपेड चालतं, भारतीयांना परवाना लागत नाही. काझात (स्पितीचं मुख्य गाव) बीएसएनएल आणि जिओ धरा.

मृ, मनालीकडून नकोच. त्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरवर. जूनच्या सुरुवातीला बर्फ निघालं असेलच असं नाही. शिवाय मनाली २,०५० मीटरवर आणि चंद्रताल ४,२५० च्या आसपास. एका दिवसात एवढं चढून तिथेच झोपायचं म्हणजे विरळ हवेचा त्रास ओढवून घेणं. दिवसा कुठे फिरलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात ते महत्त्वाचं.

चारचाकी_ठाणे: अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड चढावी लागत नाही, मनालीच सोपं.

घाटवाट: बोगदा लाहौलात उतरवतो. पुढे कुंझुमकडे जाणारा ग्राम्फूपासून बातलपर्यंतचा खडबडीत रस्ता आणि नाले तसेच राहतात. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं.

सिमल्याकडून असं करा: पहिला मुक्काम नारकंडा, मग कल्पा (२,९६०), मग ताबो (सुमारे ३,३००). वाटेतल्या नाकोत झोपू नका, ते ताबोपेक्षा उंच आहे. तिथलं तळं बघून पुढे जा. चौथ्या दिवशी सकाळी ताबोचा मठ (इ.स. ९९६ चा, भित्तिचित्रांचे फोटो काढू देत नाहीत), धनकर, रात्री काझा. पाचव्या दिवशी की मठ, लांगझा, हिक्कीम, मुक्काम परत काझातच. सहाव्या दिवशी कल्पा, सातव्या दिवशी चंदीगड. तो दिवस फार लांबचा, पहाटे निघा. कुंझुमपलीकडचं चंद्रताल सोडा.

दादरची_मृ: चंद्रतालसाठीच तर चाललोय :(

सोनकी: मग ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात जा. तळ्याकाठी तंबू लावू देत नाहीत, कॅम्प अलीकडे आहेत. आईंना बीपी आहे का? डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर आधी सांगा.

रानपाखरू: छोटा कुकर न्या. काझाच्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही.

सोनकी: होमस्टेत जेवण मिळतं हो. रोख रक्कम न्या, एटीएमवर विसंबू नका.

दादरची_मृ: बीपीची गोळी आहे, नाव बघून सांगते. गाडीवाल्याला सिमलामार्गे विचारलं, म्हणतो जास्त पडतील.

घाटवाट: किलोमीटरचा दर लेखी घ्या. कल्पाजवळच्या रेकाँग पिओपाशी टाकी भरायची हेही ठरवून घ्या, पुढचा भरवशाचा पंप थेट काझात.