प्रोसेसर बदलू की अख्खा डबाच बदलू? (अनुभव धागा)

खटपट्या
माळा आवरताना पेंटियम २ चं ते काळं कार्ट्रिज हाती लागलं. १९९७ चा माल, स्लॉट १ वाला. प्रोसेसर तेव्हा रॅमसारखा उभा खोचायचा. तेव्हाही प्रश्न हाच असायचा, नुसता प्रोसेसर बदलू की सगळंच? आत्ता तो परत घरोघरी आलाय, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच सुमारास रॅमचे भाव भडकले. नवं घ्यायला निमित्त आहे, खिसा नाही म्हणतो.

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी लिहा. काय अडतं, का अडतं, काय बघायचं. 'माझा मस्त चाललाय' छापाचे प्रतिसाद नकोत.

सुरुवात माझ्याकडून: विंडोज + आर दाबून एमएसइन्फो३२ टाका. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' (मदरबोर्डचं मॉडेल) आणि 'बायोस व्हर्जन' (बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं, बोर्डवरचं सॉफ्टवेअर) या दोन ओळी लिहून घ्या. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू (प्रोसेसर) यादी असते, प्रत्येक चिपपुढे कुठल्या बायोसपासून चालते ते दिलेलं असतं. यादीत नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, विषय संपला.

शून्य_एक
इंटेलवाल्यांनी सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डवरची जागा) जुळलं म्हणून उड्या मारू नयेत. ११५१ नावाच्या सॉकेटचं उदाहरण घ्या. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डवर, आठवी-नववी ३०० सिरीजवर. आठव्या पिढीचा आय७-८७०० बी२५० च्या (२०० सिरीज) सॉकेटमध्ये अगदी छान बसतो. सुरू होत नाही.
१२०० मध्येही तसंच, एच४१० आणि बी४६० वर दहावी पिढी चालते, अकरावी साधारणपणे नाही.
१७०० हे त्यातल्या त्यात सरळ. १२, १३, १४ तिन्ही पिढ्या एकाच बोर्डवर, फक्त बायोस नवं हवं. आणि बोर्ड डीडीआर४ चा (रॅमचा आधीचा प्रकार) असेल तर रॅम तीच राहते, आजच्या भावात हा मोठा मुद्दा आहे.

मोरपंखी
माझ्याकडे आय७-७७०० (सातवी पिढी) आहे :( म्हणजे पुढे काहीच नाही?

शून्य_एक
@मोरपंखी ताई, त्या बोर्डवर ७७०० (किंवा ७७००के) हेच टोक. आणि विंडोज ११ च्या यादीत बहुतेक सातवी पिढी नाहीच, आठवीपासून पुढे. त्या मशीनमध्ये पैसे टाकायचेच तर एसएसडीवर टाका, ती पुढच्या मशीनला जाते.

लोकलची_चौथी_सीट
एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी पेढे वाटा. २०१६-१७ चं सॉकेट, आणि पहिल्या रायझनच्या (एएमडीचे प्रोसेसर) बोर्डवर ५००० सिरीज बसते, बायोस मिळालं तर. १६०० किंवा २६०० वरून ५६०० ही उडी दिसते, जाणवते. खेळांसाठी ५७००एक्स३डी / ५८००एक्स३डी, एल३ कॅश (चिपमधली वेगवान मेमरी) ९६ एमबी, ५६०० ला ३२.

पण क्रम पाळा. बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करायचं. आधी नवा बसवलात तर काळा पडदा, आणि मग जुना परत बसवा, पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारी) परत लावा. बोर्डला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही होतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅट हवा, एनटीएफएस असेल तर फाइल दिसतच नाही आणि लोक पेनड्राइव्हला शिव्या घालतात.
अजून एक, १६ एमबी बायोस चिपच्या काही बोर्डांवर नव्या चिप्सना जागा करायला जुन्या काढून टाकल्यात. वर जाता येतं, पण जुना प्रोसेसर मग चालेलच असं नाही. रिलीज नोट्स वाचा.

सुरमई_फ्राय
बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर? (डोंबिवलीत राहते, प्रश्न काल्पनिक नाही)

खटपट्या
=)) यूपीएसवर करा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास देतो, बायोस अपडेटच्या वेळी मशीन त्याच्या निम्म्यालाही जात नाही. पण अपडेटच्या आधी एकदा प्लग काढून बघा, मशीन तगतं का. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) असेल तर स्वस्त यूपीएसवर जाताना काही वेळा झटक्यात बंद पडतो. ते अपडेटच्या मधोमध कळायला नको.

सुरमई_फ्राय
आमच्या यूपीएसची बॅटरी गेल्या पावसाळ्यापासून शोभेची आहे. बघते.

चकली
सगळे थेट सॉकेटवर गेलात. मुळात प्रोसेसरच अडवतोय का हे कोण बघणार?

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३० टक्के दिसतो म्हणून निवांत राहू नका. सहा कोर बारा थ्रेडच्या (एका वेळी बारा कामं चालवणाऱ्या) मशीनवर एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकडा जेमतेम ८ टक्के. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' लावा. एक चौकट छताला टेकलेली आणि बाकी झोपलेल्या असतील तर काम एकाच थ्रेडचं आहे (ऑटोकॅडचं बरंचसं असंच). तिथे जास्त कोर घेऊन काही होत नाही, एका कोरचा वेग हवा.

खेळांसाठी: रेझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढला तर ग्राफिक्स कार्ड अडत होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर.

आणि डिस्क १०० टक्के, सीपीयू १५ असं दिसलं तर हार्ड डिस्क. तिथे प्रोसेसर बदलणं म्हणजे पाय मोडला म्हणून टोपी घेणं.

नाना_परळकर
चकली, टाळ्या. त्यात रॅमची भर. एकच ८ जीबीची पट्टी लावलेली मशीन्स ढिगाने आहेत. दुसरी पट्टी लावली की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र काम करतात. आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला तर तेवढ्यानेच दम येतो, कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. चार खाचा असतील तर सहसा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी.
आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालवणारे लोक मग 'प्रोसेसर बसला' म्हणतात.

गिरगाव_कट्टा
लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला कॉम्प्युटर बाजार) जाणाऱ्यांसाठी: ग्रँट रोड पूर्वेला उतरा. पाट्यांवर भडकमकर मार्ग दिसेल, तोच. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तंगडतोड करू नका.
ट्रे की बॉक्स हे पहिल्यांदा विचारा. ट्रे म्हणजे सुटा, बऱ्याचदा पंख्याविना, त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. बॉक्स असेल तर बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलंत तर तक्रार घेऊन जाणार कोणाकडे?

मोरपंखी
तिथे जुन्या मिनर्व्हा टॉकीजजवळ खायला काय चांगलं?

गिरगाव_कट्टा
आता कशाला ते. वडापाव घ्या आणि चर्नी रोडकडे चालत या, पुढचं कट्ट्यावर ठरवू.

लोकलची_चौथी_सीट
जुन्या बाजारातला प्रोसेसर घेणाऱ्यांना एक सूचना. ब्रँडेड ऑफिस मशीन्समधून निघालेले काही रायझन प्रो त्या कंपनीच्या बोर्डला कायमचे बांधलेले असतात. दुसऱ्या बोर्डवर ते मढं. दिसायला काहीही फरक नाही. समोर वेगळ्या कंपनीच्या बोर्डवर चालवून दाखव म्हणा, नाहीतर सोडा.
एएम४ ची चिप उलटी करून पिना डोळ्यांच्या रेषेत धरून बघा, आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी. वाकलेली रांगेबाहेर लगेच दिसते. ०.७ मिमीच्या पेन पेन्सिलमधली लीड काढून टोक पिनेवर चढवायचं आणि हलकेच सरळ करायचं. एकदाच. मागेपुढे केलंत की तुटली.

आज्जीचा_बटवा
पिना वाकतात कधी तर कूलर काढताना. एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका! वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि लीव्हर बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन पंधरा मिनिटं काम देऊन गरम करा, बंद करा, वायर काढा, स्क्रू सोडा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला.

चिपवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर. लीव्हर वर. चिप आपल्या वजनाने बसते, बोटाने दाबायची नाही. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. जुनी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टर किंवा धागे न सुटणारं कापड. नेलपॉलिश रिमूव्हर नको.

रायझनच्या छोट्या स्टेल्थ पंख्याला बोर्डवरच्या प्लास्टिकच्या कंसांची गरज नसते, ते काढावे लागतात. ते सोडले की मागची पट्टी पडते, कॅबिनेट आडवं ठेवा आणि मागून हात लावा. इंटेलच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, टक आवाज आला पाहिजे. मागून काळी टोकं चारही बाहेर आलेली दिसली तरच बसलं.

सुरमई_फ्राय
आज्जी, तुम्ही हे वाण्याच्या यादीसारखं धडाधड लिहिता. आदर.

नाना_परळकर
कूलरवरून. ११५१ / १२०० चा जुना कूलर १७०० ला थेट बसत नाही, भोकांतलं अंतर ७५ चं ७८ मिमी झालंय. कूलर कंपनीकडे कंस मिळतो का आधी विचारा.

पाववाला_पीसी
कोणी रायझन ३२००जी वरून ५६०० केलंय का? काल बसवला, पंखे फिरतात, पडद्यावर शून्य. बायोस आधीच केलं होतं.

शून्य_एक
ग्राफिक्स कार्ड आहे का?

पाववाला_पीसी
नाही. आधी पण नव्हतं की

शून्य_एक
तिथेच आहे सगळं. ३२००जी मध्ये ग्राफिक्स आत होतं, ५६०० मध्ये नाही. बोर्डवरचं एचडीएमआय मुकं झालं. परत करता येत असेल तर ५६००जी किंवा ५६००जीटी घ्या. कार्ड घेणार असाल तर ५६०० च चांगला, जी वाल्यांना एल३ निम्मी आणि पीसीआय एक्सप्रेस ३.०.
इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असेल तर हीच गत.

पाववाला_पीसी
दुकानदार बोलला नाही काही :(

चकली
अरेरे. बॉक्स जपून ठेव.
एफवरून: व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी थोड्या पैशांकडे बघून एफ घेऊ नये. क्विक सिंक (व्हिडिओ झपाट्याने उलगडायची इंटेलची सोय) त्या आतल्या ग्राफिक्समध्येच असतं. कॅमेऱ्याचं १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (व्हिडिओचा एक फॉरमॅट) आय५-१२४०० आतल्या ग्राफिक्सवर उलगडतो, बरीच जुनी महागडी कार्डं तिथे हात वर करतात.

लोकलची_चौथी_सीट
विजेचं कोणी बोललं नाही. कागदावरचा ६५ वॅट हा कमाल आकडा नव्हे. रायझनचा ६५ वाला ८८ पर्यंत ओढतो, १०५ वाला १४२. आय५-१२४०० ची कमाल ११७, आय७-१४७००के ची २५३. एच६१० च्या बिनहीटसिंकच्या बोर्डवर १४७००के बसेल, सुरूही होईल, आणि पाच मिनिटांनी व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डवरचा भाग) तापून वेग खाली येईल. पैसे मोठ्या चिपचे, काम छोट्या चिपचं.
इंटेलची जुनी (वापरलेली) १३-१४ वी पिढी घेणाऱ्यांनी मायक्रोकोड (चिपसाठीचा दुरुस्ती कोड) ०एक्स१२बी, सप्टेंबर २०२४ चा, किंवा त्यानंतरचा असलेलं बायोस टाका. वाढत्या व्होल्टेजने चिप झिजण्याचा दोष त्याने थांबतो. आधीच झिजलेली चिप बरी होत नाही.

आज्जीचा_बटवा
बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर. एएमडीत एफटीपीएम (त्या कुलपाच्या चाव्या सांभाळणारी सोय) प्रोसेसरमध्येच असतं. नव्या चिपने पहिल्यांदा सुरू केलं की 'एफटीपीएम बदललंय, वाय की एन' असं विचारतं. वाय दाबलं की जुन्या चाव्या गेल्या, मग विंडोज ४८ आकडी की मागतं. ती त्याच मशीनमधल्या फाइलमध्ये ठेवणारे असतात.

मोरपंखी
@खटपट्या ते पेंटियमचं कार्ट्रिज विकणार का? भाच्याच्या शाळेच्या प्रदर्शनाला हवंय

खटपट्या
विकत नाही, नेऊन परत दे. दादर स्टेशन, तिकीट खिडकीपाशी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

पाववाला_पीसी
दुकानदार म्हणतो बॉक्स फोडलाय, बदली नाही, पण ५६००जी वर फरक घेऊन करून देतो. पिना तपासायला मागतोय. द्यावं का?

आज्जीचा_बटवा
दे, पण देण्याआधी त्याच्या काउंटरवरच चारी बाजूंनी पिनांचे फोटो काढ, सिरियल नंबर दिसेल असे.