वीसच्या आतल्या शाळा मिटवा म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत चालत या

ओढ्यापलीकडे:
काल एकाने लिहिलंय की 'आठ पोरांना दोन मास्तर म्हणजे पैशाचा चुराडा, वीसच्या आतल्या सगळ्या झेडपी शाळा बंद करा, त्या एकत्र करून मोठ्या समूह शाळा काढा, पोरं बसने न्या.' वाचल्यापासून डोकं तापलंय. मी नऊ वर्षं द्विशिक्षकी शाळेवर आहे, पट 11. वाडीपासून डांबरी अडीच किलोमीटर, मधे ओढा, साकव नाही. बस येणार ती डांबरीपर्यंतच. ओढा चढला की मोठी माणसं अलीकडे थांबतात आणि तुम्ही पहिलीतल्या पोराला तिथनं उतरवणार? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत शाळेसाठी पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि आठवीपर्यंत 3 किलोमीटर अंतर उगाच नाही घातलेलं. 2023 ला शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले तेव्हा पानशेत, तोरणमाळच्या समूह शाळांचं उदाहरण दिलं होतं, चांगल्या असतील त्या शाळा, पण नुसता पट बघायचा आणि वाटेत काय आहे ते बघायचंच नाही याला नियोजन म्हणत नाहीत. आणि सगळ्यात आधी घरी बसणार त्या मुली. शाळा लांब गेली की आई म्हणतेच, राहू दे, धाकट्याला सांभाळ.

हिशोबी:
पोस्ट माझीच, आणि मी शहरात बसून लिहिलेली नाही. अशाच शाळेत शिकलोय. एका खोलीत चार वर्ग, चौथीत मी एकटा. पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. पाचवीला मोठ्या शाळेत गेलो, बाईंनी धडा वाचायला उभं केलं, चाळीस पोरं बघून तोंडातनं शब्द फुटेना. वर्षभर मी बोललो नाही. त्याचा हिशोब कोण देणार? पोराला पोरं लागतात.

खरंबोलू:
ते सगळं राहू द्या. गुरुजी, तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत ते सांगा आधी. आमच्या तालुक्यात झेडपीचे निम्मे शिक्षक आपली पोरं इंग्लिश मीडियमला घालतात. स्वतःचा विश्वास नाही त्या शाळेसाठी आम्ही का भांडायचं?

ओढ्यापलीकडे:
माझी मुलगी चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होती, माझ्यासमोर पाटावर बसून. निम्मे कुठून मोजलेत तुम्ही?

दोन लेकरांची आई:
मी काढली माझी दोन्ही झेडपीतून. इंग्रजीसाठी नाही हो. कधीही जा, 'सर मीटिंगला गेलेत.' फी भरताना जीव जातो, पण तिथे वर्गात बाई तरी असते.

ओढ्यापलीकडे:
ताई, मीटिंगला हौसेने जातो का आम्ही? आरटीईचं कलम 27 सांगतं की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम द्यायचं नाही. प्रत्यक्षात कुठलाही सर्व्हे निघाला की शिक्षक. निवडणूक नसताना बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आहेच. आज खिचडीची माहिती भरायला शाळेत रेंज नाही म्हणून मागच्या टेकाडावर चढलो, मोबाईल वर धरून वीस मिनिटं उभा. जोडीदार शिक्षक ट्रेनिंगला. खाली तिसरीची पोरगी पहिलीवाल्यांकडून बाराखडी म्हणून घेत होती, मला वरपर्यंत ऐकू येत होतं. शिकवू द्या म्हणून मोर्चे काढलेत आम्ही.

खरंबोलू:
पगार वेळेवर घेता ना? मग रडू नका.

दोन लेकरांची आई:
पगाराचं काढू नका, त्याने माझ्या पोरांचा वर्ग भरत नाही. गुरुजी, टेकाडाचं मला माहीत नव्हतं. तरीही मी पोरं परत नाही आणणार, आमच्याकडे दोन वर्षं शिक्षकाची एक जागा रिकामी होती आणि कुणी विचारलं नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख:
भांडणात मूळ मुद्दा राहिला. साठ पटापर्यंत दोन शिक्षक हे कायद्यातच आहे, ती कुणाची मेहरबानी नाही. माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्याकडच्या शाळांच्या गटातल्या, प्रत्येक वाडीला मी चालत गेलोय. काही शाळा रस्त्याला लागून, एकमेकींपासून पाऊण किलोमीटरवर, दोन्हीचा पट सहा-सात. त्या एकत्र करायला हव्या होत्या, आम्ही गावकीच्या भीतीने केल्या नाहीत, ही चूक माझीही. पण ओढ्यापलीकडची आणि रस्त्याकडेची शाळा एकाच यादीत घालू नका. पहिली ते चौथी वाडीतच ठेवा. आणि माहिती भरायला केंद्रावर एक माणूस द्या, शिक्षक आपोआप वर्गात दिसेल. एकट्या पोराचा प्रश्नही खरा आहे. आम्ही शनिवारी चार वाड्यांची पोरं एका शाळेत आणायचो, पावसाळा सोडून. पुढे माझी बदली झाली आणि ते बंद पडलं.

ओढ्यापलीकडे:
शनिवारचं जमेल इथे, दिवाळीनंतर. एकट्या चौथीवाल्याचं तुमचं म्हणणं मला लागलं हिशोबी, यंदा माझ्याकडेही तिसरीत ती एकच पोरगी आहे.

हिशोबी:
ओढा असेल तिथलं मागे घेतो. रस्त्याकडेच्यांचं नाही, त्या एकत्र कराच. आणि त्या तिसरीवालीला शनिवारी मोठ्याने वाचायला लावा, सगळ्यांसमोर.