बाबांची दुनाली माझ्या नावावर करून घ्यावी का?

लष्करकर:
आमचं घर ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात, चिटणीस की गोठजवळ. बाबा ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या नावावर १९८१ पासून बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. तेव्हा त्यांची नोकरी भिंडकडे कालव्यावर होती आणि संध्याकाळनंतर चौकीवर एकटं राहावं लागे. चंबळचा डाकू मलखान सिंग १९८२ मध्ये शरण आला, फूलन देवी १९८३ मध्ये. त्याआधीच्या रात्री बाबांनी कशा काढल्या ते आई अजून सांगते. त्या बंदुकीला आमच्या घरात नुसती वस्तू कुणी म्हणत नाही. दसऱ्याला तिची पूजा होते.

आता लायसन्सचं नूतनीकरण आलंय. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की धारक ७० वर्षांचा झाला किंवा २५ वर्षं शस्त्र बाळगून झालं, तर वारसाला आपल्या नावावर लायसन्स मागता येतं. मी अर्ज करावा असं बाबांना मनापासून वाटतं. बायकोचा ठाम विरोध आहे. मी नोकरीमुळे सोमवार ते शुक्रवार इंदूरला असतो. घरी आई, बाबा, बायको आणि ११ वर्षांची मुलगी. दिवाळीनंतर आमच्या गल्लीत एक बंद घर फुटलं, तेव्हापासून रोज रात्री हाच विषय.

दोन प्रश्न आहेत. घराच्या रक्षणासाठी ही बंदूक ठेवणं शहाणपणाचं आहे का? आणि ठेवली तर काडतूस कोणतं? बाबांकडे एल.जी.ची, म्हणजे मोठ्या दाण्यांची ९ आहेत आणि ४ नंबरच्या छऱ्यांची ६.

डबऱ्याचा शेतकरी:
दादा, ठेवा. विचारायचं काय त्यात? माझं घर डबऱ्याच्या पुढे शेतात आहे, शेजारचं घर दीड किलोमीटरवर. मोटारपंप, केबल, म्हशी, सगळं चोरीला जातं. ११२ ला फोन लावला तर गाडी येते, पण येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. दोन वर्षांपूर्वी रात्री चार जण गोठ्यात शिरले. मी गच्चीवरून आवाज दिला, हातात बंदूक आहे हे त्यांना चांदण्यात दिसलं आणि ते पळाले. गोळी झाडावी लागली नाही. अशा रात्रींची कुठे नोंद होत नाही, म्हणून शहरातल्या माणसांना वाटतं की बंदुकीचा उपयोगच नाही.

शिवाय एकदा लायसन्स सोडलंत की पुन्हा मिळणं अवघड. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. वाडवडिलांचं आहे ते हातचं घालवू नका.

कॅज्युअल्टीतली ताई:
मी ग्वाल्हेरच्या एका मोठ्या इस्पितळात १४ वर्षं कॅज्युअल्टीत काम केलं. गोळी लागलेली माणसं आली की आम्ही पहिल्यांदा विचारायचो, कुणी मारली? चोरानं मारली किंवा चोराला मारली, असं उत्तर माझ्या आठवणीत दोनदा आलं. बाकी वेळा भाऊबंदकी, जमिनीचा वाद, लग्नाच्या वरातीतला हर्ष फायरिंगचा बार, नाहीतर बंदूक साफ करताना.

एक दसरा मी विसरू शकत नाही. पूजेसाठी बंदूक काढली होती, ती रिकामी आहे असं सगळ्यांना वाटत होतं. १३ वर्षांचा मुलगा समोर बसून फुलं लावत होता. त्याच्या वडिलांनीच त्याला उचलून आणलं. पुढचं लिहीत नाही.

लष्करकर, तुमच्या घरी ११ वर्षांची मुलगी आहे. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही. मनानं खचलेलं माणूस कोणत्याही घरात असू शकतं. ती एक वाईट रात्र टळली तर बहुतेक माणसं सावरतात, पण हाताशी बंदूक असेल तर सावरायला वेळच उरत नाही. घरात बंदूक असली की त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट दिसतो, असं १९९३ मध्ये अमेरिकेत केलर्मन यांच्या अभ्यासात आलं होतं.

डबऱ्याचा शेतकरी:
ताई, तुम्ही पाहिलंत ते खोटं म्हणत नाही. पण तुमच्याकडे फक्त जखमी येतात. न झाडता परत ठेवलेली बंदूक कॅज्युअल्टीत येत नाही. आणि तो अमेरिकन अभ्यास मलाही माहीत आहे. ज्या घरात आधीच भांडणं, नशा, धमक्या आहेत त्याच घरात माणसं बंदूक आणतात, मग धोका बंदुकीमुळे वाढला की घरामुळे, हा आक्षेप तिथल्याच लोकांनी घेतला होता. चंबळच्या घराला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

कॅज्युअल्टीतली ताई:
आकडा सोडून देते. एवढंच सांगा, तुमच्या घरी चावी कुणाकडे असते?

टेकनपूरचे मास्तर:
मी निमलष्करी दलात नोकरी केली, त्यातली काही वर्षं टेकनपूरच्या अकादमीत जवानांना शस्त्र शिकवलं. काडतुसाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर फार गैरसमज आहेत.

४ नंबरचा छर्रा पाखरांसाठी असतो. दाणे बारीक, लवकर जोर हरवणारे. पण खोलीच्या अंतरावर तो 'हलका' असतो हे विसरा. नळीतून निघालेले दाणे ढोबळ मानानं दर यार्डाला इंचभर पसरतात. तुमचा हॉल बारा फुटांचा असेल तर चार यार्ड झाले, म्हणजे सगळे दाणे चार इंचांत, तळहाताएवढ्या जागेत लागणार. छऱ्याच्या बंदुकीला नेम लागत नाही, तोंड तिकडे केलं की काम झालं, असं जे म्हणतात ते खोलीत पूर्ण खोटं आहे. नेम चुकला तर सगळंच चुकलं. एल.जी.त दाणे मोजकेच, पण मोठे. माणूस थांबेल, आणि चुकलेला दाणा प्लायच्या दारातून पलीकडे जाऊनही जीव घेईल. जुन्या वाड्याची दीड-दोन फुटांची भिंत तो पार करणार नाही, वरच्या मजल्यावर हल्ली टाकतात त्या प्लायच्या पार्टिशनला मात्र तो जुमानत नाही. तुमची मुलगी कोणत्या भिंतीमागे झोपते, हे काडतूस निवडण्याआधी बघायचं.

तिसरी गोष्ट, काडतुसं किती जुनी आहेत? कागदी नळीचं काडतूस पावसाळ्याच्या दमट हवेत फुगतं. मग ते चेंबरमध्ये अडकतं, नाहीतर घोडा पडूनही बार निघत नाही. बार निघाला नाही तर लगेच बंदूक मोडून, म्हणजे नळ्या खाली झुकवून, बघायची नाही. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं, कारण उशिरा पेट घेणारं काडतूसही असतं. घाबरलेल्या माणसाला अंधारात हे आठवेल का? न शिकलेल्याला नाही आठवत. मी शिकलेल्यांनाही गोंधळलेलं पाहिलंय.

लायसन्ससाठी आता सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. ठीक आहे, पण एका दिवसात पाच बार काढून कुणाला बंदूक येत नाही. बंद खोलीत बारा बोरचा बार झाला की कान बधिर होतात, नळीच्या तोंडच्या उजेडानं डोळ्यांपुढे काही क्षण काही दिसत नाही. त्याच क्षणी समोरची आकृती चोराची की पाणी प्यायला उठलेल्या आईची, हे ठरवायचं असतं. वर्षाला निदान चार वेळा रेंजवर जाणार असाल तर पुढे बोलू.

कंपूवाली वकील:
मास्तरांनी शस्त्राचं सांगितलं, मी कायद्याचं सांगते. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. जुन्या दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध कलम ४१ प्रमाणे हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे लोक इथवरच वाचतात. कलम ३७ म्हणतं की रक्षणासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी. अंगणातून सायकल नेणाऱ्यावर घातली, तरी तेच.

पण लष्करकर, तुमचा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. लायसन्स माणसाला असतं, घराला नाही. तुमच्या नावावर झालं आणि तुम्ही पाच दिवस इंदूरला, तर त्या पाच रात्री बंदूक कुणाच्या ताब्यात? बाबांचं लायसन्स संपलेलं असेल, वहिनींचं नसेल. सुरक्षित ठेवण्याची हमी तुम्ही लिहून दिलेली असेल. म्हणजे ज्या रात्री तुम्ही नसता आणि म्हणून तुम्हाला काळजी वाटते, नेमकी त्याच रात्री ती बंदूक कुलपात हवी आणि किल्ली तुमच्याकडे हवी.

निवडणुकाही धरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आचारसंहिता लागली, बंदुका पोलीस थान्यात जमा. विधानसभेचा निकाल डिसेंबरमध्ये लागला. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता, पुन्हा थान्यात, ते जूनपर्यंत. तेव्हा घर कशानं राखलंत?

मुरारचा पुतण्या:
तरी खरं बोलूया, इथे बंदूक घरासाठी किती जण घेतात? खांद्यावर दिसावी म्हणून घेतात. २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करणाऱ्याला लायसन्स लवकर देण्याची योजना निघाली होती, २०१९ मध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अर्जदाराला दहा झाडं लावून फोटो द्यायला सांगितलं. प्रशासनालाही माहीत आहे की या कागदासाठी इथला माणूस काहीही करेल. वरातीत बार काढला तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तरी बार निघतातच. माझा मामेभाऊ अशाच एका वरातीत गेला, तो मांडवाच्या बाहेर उभा होता. म्हणून मला हा विषय थंड डोक्यानं बोलता येत नाही.

लष्करकर:
सगळ्यांचं वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. शनिवारी रात्री आम्ही एक करून बघितलं. काडतुसं आधी शेजाऱ्यांकडे ठेवली, बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं मी पाहिलं, मग बाबांनी पाहिलं. दिवे बंद केले. बायकोनं मागच्या दाराची कडी वाजवली, की बाबांनी उठून कपाटातून बंदूक काढून पॅसेजच्या टोकाला यायचं, असं ठरलं.

बाबांना चष्मा सापडायलाच वेळ लागला. किल्ली देवघरात गणपतीमागे असते, तिथे हात गेला तर समई पडली. दोन मिनिटं आणि दहा सेकंद लागले. काडतुसं भरायचा वेळ यात नाही. आणि आई, जिला सगळं आधी सांगितलं होतं, समईच्या आवाजानं उठून बाहेर आली ती बरोबर पॅसेजच्या मधोमध. बाबांनी बंदूक खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलगी वर, प्लायच्या पार्टिशनमागे झोपते.

मी अर्ज करणार नाही. मागच्या दाराला लोखंडी जाळीचं दार बसवतोय, अंगणात हालचालीवर लागणारा दिवा, आणि आई-बाबांच्या खोलीला आतून मजबूत कडी. आवाज आला की सगळ्यांनी त्या खोलीत जायचं, कडी लावायची, फोन करायचा.

डबऱ्याचा शेतकरी:
तुमच्या घराला तुमचा निर्णय बरोबर आहे, मान्य करतो. माझ्या घराला तो लागू नाही. जाळीचं दार म्हशीला लावता येत नाही, आणि कडी लावून बसलो तर सकाळी गोठा रिकामा. कंपूवाली वकील म्हणतील की म्हशीसाठी गोळी घालता येत नाही. मला माहीत आहे, मी घातलीही नाही. पण हातात काही आहे हे चोराला माहीत असणं, यावर आमच्यासारख्यांची झोप अवलंबून आहे. मी लायसन्स सोडणार नाही.

ताई, तुमचं उत्तर राहिलं होतं. किल्ली नाहीच. बंदूक भिंतीवर टांगलेली असते, काडतुसं कपाटात, आणि कपाट उघडंच असतं. मुलं ८ आणि ५ वर्षांची आहेत. परवापासून हे डोक्यात आहे. काडतुसांच्या खणाला कुलूप लावून घेतलं. बंदुकीसाठी भिंतीत बसणारी पेटी करायला टाकलीय.

कॅज्युअल्टीतली ताई:
पेटी येईपर्यंत बंदूक भिंतीवरून उतरवा. उद्या नको, आज.

डबऱ्याचा शेतकरी:
उतरवली.

लष्करकर:
आता शेवटचं विचारतो. बंदूक परत कशी करायची? आणि त्या १५ काडतुसांचं काय?

कंपूवाली वकील:
बाबांच्या लायसन्सची मुदत आहे तोवरच करा, नंतर ताबाच बेकायदा ठरतो. थान्यात किंवा लायसन्सधारक शस्त्र-विक्रेत्याकडे जमा करता येते. विक्रेत्याकडे दिलीत तर तो ती दुसऱ्या लायसन्सधारकाला विकू शकतो, पैसे बाबांना मिळतील. पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर ताडून बघा. काडतुसं त्याच वेळी, मोजून, लायसन्सवरच्या नोंदीशी जुळवून. मग लायसन्स कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत परत.

टेकनपूरचे मास्तर:
फुगलेलं काडतूस 'एकदा उडवून बघू' म्हणून उडवायचं नाही, नाल्यात टाकायचं नाही, उघडायचंही नाही. वेगळ्या डब्यात घालून तशीच द्या. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. ४० वर्षं त्या बंदुकीनं घरात कुणाला इजा केली नाही, हे त्यांनी तिला नीट सांभाळलं म्हणूनच.

लष्करकर:
सांगितला. आज दुपारी त्यांनी ती शेवटची साफ केली, नळ्यांना तेल लावलं, जुन्या खादीच्या पिशवीत घातली. सोमवारी मी सुट्टी टाकलीय. स्वतः घेऊन येणार म्हणालेत, मी फक्त गाडी चालवायची.