पाव पायाने मळतात म्हणून पाव? पुरे करा आता!

लाटणेबहाद्दर: ग्रुपवर ते ढकलपत्र परत आलं, 'पीठ पायाने मळायचे, म्हणून नाव पाव', आणि खाली अंगठ्यांची रांग. अहो, शब्द पोर्तुगीज, 'पांव'. मूळ लॅटिन पानिस. इटालियनमध्ये पाने, स्पॅनिशमध्ये पान. पोर्तुगिजांनी मधला न नाकात जिरवला. स्पॅनिश 'मानो' त्यांच्याकडे 'मांव' होतो, अर्थ हात. पाय आणलात कुठून?

खवचट काका: पायाने नसेल, पण पाव म्हणजे चतुर्थांश. लादी तोडूनच देतात ना? सगळं परदेशातूनच आलं म्हणायची हौस!

लाटणेबहाद्दर: तो पाव संस्कृत 'पाद'वरून. आणि घ्या, पेढे वाटा: पाद आणि लॅटिन पेस-पेदिस (पाय) एकाच मुळाचे. तुमचा पावकिलो खरंच पायाचा. खायचा पाव नाही.

वसईकर: जपानीतही ब्रेडला 'पान' म्हणतात, पोर्तुगिजांकडूनच घेतलेलं. तिथेही पायानेच मळत असतील!

माहेर म्हापसा: शब्द राहू द्या. आमचा पोदेर, म्हणजे पाववाला (तोही पानिसच्याच गोतातला, पोर्तुगीज पादेइरू), सायकलवरून पोंपों करत येतो. सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, फुगवलेल्या उंड्यापुढे (आमचा गोल पाव) तुमची मुंबईची लादी म्हणजे कापूस.

खवचट काका: सूर राहिलीय कुठे? यीस्ट घालायचं आणि नाव सुरेचं सांगायचं.

माहेर म्हापसा: माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, मान्य. बहुतेक बेकऱ्या यीस्टवर गेल्या, तेही मान्य. म्हणून तुमची लादी चांगली ठरत नाही.

देवघर: कौतुक चाललंय! माझी आजी पावाला शिवत नसे. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याचं ती सांगायची.

वसईकर: आणि एकादशीला बटाटा? तोही त्याच गलबतांतून आला, नावासकट. साबुदाण्याचा कंदही अमेरिकेतलाच.

देवघर: आजीवर जायचं काम नाही. तुम्हाला बाटवलं असतं तर कळलं असतं.

वसईकर: आम्ही वसईचे ख्रिस्ती. आम्हालाच सांगताय?

लाटणेबहाद्दर: धागा शब्दाचा आहे!! 'कंपनी'सुद्धा पानिसचीच. कोम म्हणजे सोबत. एका भाकरीचे वाटेकरी ते कंपानियो.

देवघर: कंपनी सरकारने कुणाशी वाटून खाल्लं ते ठाऊक आहे.

खवचट काका: हा बरा होता. चला, पानिस तर पानिस, तुमच्या लॅटिनला एक लादी दिली. चतुर्थांश मात्र मी सोडणार नाही.

माहेर म्हापसा: लादी देताय की शिक्षा?