१०६० ग्राफिक्स कार्ड बदलू की अजून थांबू?

कृष्णाकाठ
२०१८ ला जुळवलेला पीसी आहे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर साधा १०८०पी. पगारातून बाजूला टाकत ४५ हजार जमवलेत. एएमडीचं रेडिऑन ९०६० एक्सटी किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, दोन्हीपैकी एक घ्यायचं मनात आहे. 'डूम : द डार्क एजेस' हा गेम माझ्याकडे चालतच नाही, त्याला रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर लागतं. मित्र म्हणतो, थांब, भाव उतरतील. गेल्या वर्षीही तो हेच म्हणत होता. काय करू?

जुना_गडी
थांब. २०२१ मध्ये मी आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं, मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट मोजून. तेव्हा इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे कार्डांवर आकडेमोड करून ते चलन कमवायला, लोक कार्डं उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंगच संपलं आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगानं आली. माझ्या कार्डाची किंमत डोळ्यांदेखत निम्म्यावर आली. त्यात बाबांचे पैसे होते, म्हणून ते अजून सलतं. टंचाईत खरेदी करायची नाही, एवढंच मला कळतं. आणि आताही टंचाईच आहे.

घाटमाथा
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण तेव्हाचं गणित इथे लागू होत नाही. तेव्हा एक गिऱ्हाईक उठून गेलं आणि भाव पडले. आता ओढ आहे ती मेमरीचीच. एआयच्या डेटा सेंटरांना हवी असलेली मेमरी आणि आपल्या कार्डावरची मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच तिघांकडून येते. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं जातात. कशाची वाट बघायची?
शिवाय १०६० साठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबलेत. आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

जुना_गडी
ड्रायव्हर थांबले म्हणून आहेत ते गेम बंद पडत नाहीत. आणि २६०० वर नवं कार्ड लावलंस तर प्रोसेसरच मागे ओढेल. आधी त्याच बोर्डावर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५६०० प्रोसेसर बसव. खर्च कमी, आणि पुढे कार्ड घेशील तेव्हाही तो कामी येईल.

घाटमाथा
प्रोसेसरचं पटलं. पण ५६०० बसवूनही डूम चालणार नाही, आणि प्रश्न तिथूनच सुरू झालाय. कृष्णाकाठ, एक मात्र कर, ८ जीबी मेमरीचं कार्ड घेऊ नकोस. तुझा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे कार्ड जिथे जोडतात ती वाट जुनी, संथ. ५०६० टीआय त्या वाटेच्या फक्त आठ लेन वापरतं. कार्डावरची मेमरी भरली की बाकीचा डेटा या अरुंद वाटेनं रॅममधून येतो आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं. तुझ्या जुन्या बोर्डाला १६ जीबीचं तेच शोभेल. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे?

कृष्णाकाठ
आत्ताच कॅबिनेटची बाजू उघडून पाहिलं. धूळ पुसल्यावर स्टिकर दिसलं, ४५० वॅट. ८ पिनचा एक कनेक्टर आहे, तोच सध्या १०६० ला लावलाय.

घाटमाथा
मग चालेल. १६ जीबीच्या ९०६० एक्सटीला १६० वॅट लागतात आणि एएमडी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरे म्हणते. ५०६० टीआयला एनव्हिडिया ६०० सांगते, म्हणजे तिथे तुझा आणखी एक खर्च वाढला असता.

कृष्णाकाठ
ठरलं तर. येत्या शनिवारी मुंबईला जातोच आहे, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून घेतो. ५६०० पुढच्या बोनसला.

जुना_गडी
माझं मत बदललेलं नाही, मी असतो तर थांबलो असतो. पण जातोच आहेस तर जीएसटीचं पक्कं बिल घे आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घे. खोक्यावरचा आणि कार्डाच्या पाठीवरचा नंबर दुकानातच जुळवून बघ. घरी आल्यावर नाही.