मदत हवी आहे: बेदाणे-शेंगदाण्याचं घरगुती चॉकलेट, तेही सांगलीच्या उन्हाळ्यात

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. जाऊबाईंचं माहेर तासगावकडे, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी नवा बेदाणा घरात येऊन पडतो. मुलं तो नुसता तोंडात टाकत नाहीत. दुकानातलं फ्रूट-नट चॉकलेट मात्र समोर ठेवायचा अवकाश, की फस्त! म्हणून घरीच करायचं मनावर घेतलंय. साखर कमी, वनस्पती तूप नको आणि बेदाणे-दाणे सढळ हाताने, एवढंच हवंय. गूळ घातला की पदार्थ पौष्टिक झाला, असं काही मी मानत नाही. गूळ काय, खजूर काय, शेवटी साखरच. बेदाण्यातसुद्धा निम्म्याहून जास्त साखर असते. मग गोडवा त्याचाच पुरवावा, वरून काही घालू नये, असा विचार आहे.

बाजारात मिळणाऱ्या कंपाउंडच्या (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या स्वस्त चॉकलेटच्या) लादीवरचं लेबल वाचलं. आधी साखर, मग वनस्पती तेल, कोको त्याच्या मागे. ती बादच.

मग कोको पावडर, खोबरेल तेल आणि गुळाची पावडर असं करून पाहिलं. फ्रिजमधून काढल्या काढल्या झकास लागतं. पण खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. वडी ताटलीत ठेवून पाणी प्यायला गेलं, की परत येईपर्यंत तिचा ओघळ झालेला. शिवाय गूळ तेलात विरघळत नाही, तळाशी बसतो आणि दाताखाली कचकचतो.

आता ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट आणलंय. गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवते. छान चकचकीत पातळ होतं. त्यात खजुराची पेस्ट पडली, की क्षणात उकडीसारखा गोळा. पेस्टमधल्या पाण्याचा हा प्रताप, हे कळलं. आता सगळा कोरडाच माल: २०० ग्रॅम चॉकलेटला साधारण १५० ग्रॅम बेदाणे आणि भाजून सालं काढलेले शेंगदाणे, वर थोडे तीळ. बदाम-काजूपेक्षा शेंगदाणाच जास्त जमून येतो, असं माझं प्रामाणिक मत आहे (आणि परवडतोही).

चव जमली, घोडं अडलंय टेंपरिंगपाशी, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवून-निववून नीट घट्ट आणि चकचकीत करण्यापाशी. दुसऱ्या दिवशी वडीवर पांढरट राख उडवल्यासारखा थर येतो आणि तोडताना कट् असा आवाज येत नाही, नुसती वाकते. डार्क चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत तापवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ वर आणून साच्यात ओतायचं, हे वाचलंय. थर्मामीटरही आहे. पण दुपारी स्वयंपाकघरच ३५ च्या वर असतं, तिथे ते २८ वर उतरायचं कसं? भांडं गार पाण्यात धरलं तर एखादा थेंब आत जाण्याची धास्ती. न वितळवलेल्या चॉकलेटचे तुकडे टाकून ढवळायची पद्धत इतक्या उकाड्यात चालते का? की सरळ पहाटे उठून करावं? विदर्भ-खानदेशातल्या कुणी केलं असेल तर जरूर सांगा, तुमच्याकडे तर आमच्यापेक्षा कडक ऊन.

दुसरं बेदाण्याचं. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइल नावाच्या तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये वाळवतात, पुढे हिरव्या-पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात. तेव्हा धुतल्याशिवाय वापरायला मन घेत नाही. धुतले की ओल राहते आणि ओल म्हणजे पुन्हा तोच गोळा. धुऊन पंख्याखाली किती वेळ ठेवता? ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवले तर कडक होतील का? की त्यापेक्षा काळे मनुके बरे?

कडूपणाचंही सुचवा. मोठ्यांना ७० टक्के आवडतं, धाकटी तोंड वाकडं करते. चिमूटभर मिठाने थोडा फरक पडला. दूध पावडर घातली तर पोत बिघडेल का?

नणंदबाई वाईला असतात, हंगामात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. ताजी पाणी सोडणार, म्हणून चकत्या वाळवून घालायच्या म्हणते. कुणी घरी वाळवली असेल तर चकती किती जाड ठेवायची, तेही लिहा.

मायक्रोवेव्ह नाही, साधा ओटीजी आहे. आणि कृपा करून स्टीव्हिया सुचवू नका, सासऱ्यांनी पहिल्याच घासाला ताटली बाजूला सारली होती.